उभे व्याही

तमिळ मासी महिना, म्हणजे माघ-फाल्गुन, लागला आणि बाळकृष्णराव उभ्याने ट्रॅक्टर चालवू लागले. गावाला वाटलं, मुलीचं लग्न ठरल्यामुळे माणूस हवेत आहे.

तंजावूरजवळच्या तिरुवैयारुच्या अलीकडे, कालव्याला लागून त्यांचं सात एकर भात. हार्वेस्टर दोन दिवस उशिरा आलेला. निम्मं भात अजून उभं, निम्मं डांबरी रस्त्यावर वाळत पडलेलं. सरकारी खरेदी केंद्रात ट्रॅक्टरांची रांग, आणि तिथला माणूस मूठभर दाणे मशीनमध्ये घालून ‘अजून ओल आहे’ म्हणून गाडी परत पाठवणारा. अठरा दिवसांवर हरिताचं लग्न. एकुलती एक मुलगी. अशा वेळी कुणीही बसून राहणार नाही हे खरं, पण बाळकृष्णराव जेवतानाही उभे राहू लागले तेव्हा बायको कमलाक्षीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

“काय हो, खांबासारखं? बसा की.”

“कंबर धरली आहे.”

कंबर धरलेली नव्हती. धरलं होतं ते जरा खाली. आठ महिने झाले, सकाळी रक्त पडत होतं. आधी थेंबभर, मग धार. गाठ बाहेर यायची आणि पुन्हा आत जायची. मूळव्याध. तमिळमध्ये मूलम. त्यांच्या घरात दोन्ही भाषा बोलत असत आणि दोन्ही भाषांत हा शब्द कुणी मोठ्याने काढत नसे.

उपाय त्यांनी आपल्या मनानेच चालवले होते. अंगात उष्णता झाली म्हणून बेंबीत एरंडेल घातलं, ताक प्यायले, सुरण खाल्ला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण कमी खाल्लं, कमी पाणी प्यायलं की कमी वेळा जावं लागेल, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. भर उन्हात भात ओढायचं आणि दिवसभरात तांब्याभर पाणी! व्हायचं तेच झालं. पोट दगडासारखं झालं आणि रक्त दुप्पट.

डॉक्टरकडे जायचं नाव नव्हतं. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांच्या चुलत्यांचं हेच ऑपरेशन झालं होतं. चुलते चाळीस दिवस पालथे पडून होते आणि सकाळच्या वेळी त्यांची ओरड कालव्याच्या पलीकडे ऐकू जायची. तेव्हापासून या घरातले पुरुष सापाला भीत नसत, पण त्या ऑपरेशनचं नाव निघालं की उठून जात. बाळकृष्णरावांचा बेत साधा होता. लग्न पार पाडायचं आणि मग बघायचं.

पण लग्नाआधी एकदा पापनाशमला व्याह्यांकडे जाणं आलंच.

व्याही तुकोजीराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. उत्साही माणूस, आणि आपण मराठी आहोत याचा त्यांना फार अभिमान. तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळची कुठली गोष्ट निघाली की त्यांचे डोळे चमकत. रीतीभाती मात्र त्यांना फारशा ठाऊक नव्हत्या. वडील, आजोबा सगळे बदलीच्या नोकरीतले. त्यामुळे जुनं काही सांगणारा भेटला की ते लहान मुलासारखे ऐकत बसत. त्यांनी पाहुण्यांसाठी नवा सोफा घेतला होता. लाकडाच्या कडेचा, चांगलाच टणक.

“या, या! बसा!”

बाळकृष्णरावांनी सोफ्याकडे पाहिलं. सकाळीच रक्त गेलं होतं आणि तिरुवैयारुपासून कमलाक्षीबरोबर दोन बस बदलून ते उभ्याने आले होते. त्या कडेवर बसणं त्यांना शक्यच नव्हतं.

“नक्को. मी उभाच राहतो.”

“असं कसं? बसा हो.”

“आमच्या घरात रीत आहे,” बाळकृष्णराव म्हणाले, आणि तोंडातून शब्द आपोआप निघत गेले. “मुलीचा बाप कल्याण होईतोवर व्याह्यांसमोर बसत नाही. राजांच्या वेळेपासून.”

कमलाक्षीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. कल्याणापर्यंत, म्हणजे लग्नापर्यंत, उभं राहायची ही रीत तिने तीस वर्षांत ऐकली नव्हती. तिच्या स्वतःच्या लग्नात तिचे वडील तर व्याह्यांसमोर मांडी घालून पत्ते खेळले होते.

तुकोजीरावांचे डोळे भरून आले. “पाहिलंस, राजम?” ते बायकोला म्हणाले. “याला म्हणतात घराणं! आणि तुम्ही उभे असतां मी बसू होय? तें होणार नाही.”

तेही उठले. मग त्यांची बायको राजम उठली. कमलाक्षीला उठावंच लागलं. नवरा मुलगा कार्तिक आतून शिरा आणि भज्यांच्या बश्या घेऊन आला तो दारातच थबकला. दीड तास सगळे उभ्याने बोलले. उभ्याने मुहूर्ताची वेळ ठरली, उभ्याने कॉफी झाली. तुकोजीरावांचा डावा गुडघा आधीच कुरकुरत होता, ते भिंतीचा आधार घेऊन हसत राहिले. बाळकृष्णरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण आता मागे फिरायची सोय नव्हती.

परत येताना कमलाक्षी बसमध्ये खिडकीशी बसली. बाळकृष्णराव शेजारी दांडा धरून उभे.

“राजांच्या वेळेपासून, असं की?” ती म्हणाली.



पण खरं संकट घरीच होतं. या घरात मुलीचं लग्न लागतं ते बापाच्या मांडीवर. बाप नव्या भाताच्या पोत्यावर बसतो, मुलगी त्याच्या मांडीवर बसते आणि नवरा मुलगा समोरून ताळी, म्हणजे मंगळसूत्र, तीन गाठी मारून बांधतो. रीत मुळात शेजारच्या तमिळ घरांची, पण चार-पाच पिढ्यांपासून ती यांचीही झालेली. पोतं आपल्याच शेतातलं हवं. हरिता पाच वर्षांची असल्यापासून खळ्यावर आली की पोत्यावर चढून म्हणायची, “अप्पा, हें माझं मूटै!” मूटै म्हणजे पोतं. ती तेव्हा बापाच्या मांडीवर बसून खोटंखोटं लग्न लावून घ्यायची आणि नवरा म्हणून समोर शेजाऱ्यांचं वासरू उभं करायची.

आता ती सव्वीस वर्षांची होती, तंजावूरला बँकेत होती आणि नवरा तिने स्वतः निवडला होता.

दुसऱ्या दिवशी पोतं शिवायला घेताना बाळकृष्णराव बायकोला हळूच म्हणाले, “मांडीवर घ्यायला तुझा भाऊ बसेल. मला जमणार नाही.”

हरिता आत पाट्या मोजत होती. तिने ते ऐकलं. तिचा हात तिथेच राहिला.

 सकाळी रस्त्यावर भात उलटायला बाळकृष्णराव दाताळं घेऊन गेले, तशी ती मागोमाग आली. ऊन वर आलं होतं. चार-पाच बाया भात गोळा करून पोत्यांत भरत होत्या. कडेने टाउन बस दाणे चिरडत गेली.

“अप्पा, कार्तिक तुम्हाला नक्को आहे. हो की नाही?”

“कोण म्हणालं?”

“तेथे जाऊन तुम्ही बसलां नाही. त्यांचा गुडघा सुजला म्हणून कार्तिक सांगत होता. आतां मला मांडीवर घेत नाही म्हणतां. मामा कशाला बसायचा? तुम्ही जिवंत आहां ना?” तिचा आवाज फुटला. “नक्को असेल तर सरळ सांगा. मी मोडून टाकेन लग्न. पण असं करू नका.”

बाळकृष्णरावांना घाम फुटला. सांगावं तर काय? मुलीला? इथे, बायांच्या देखत? त्यांना तिथून निसटायचं होतं. समोर भरलेलं पोतं होतं. ते वाकले, त्यांनी पोतं पाठीवर घेतलं आणि दात आवळून उठले.

उठले आणि तिथेच थांबले. मांडीवरून काहीतरी ऊन ओघळलं. मागे बायांची कुजबुज एकदम बंद झाली. पांढऱ्या वेष्टीवर, म्हणजे लुंगीवर, मागे तळहाताएवढा लाल डाग होता आणि तो वाढत होता.

पोतं पाठीवर घेऊन ते तसेच उभे. खाली ठेवायचं तर वाकावं लागणार. चौपन्न वर्षांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता. रस्ता दुभंगला तर बरं, असं त्यांना वाटलं.

हरिताने आधी पोतं धरलं आणि खाली ओढून घेतलं. मग आपली ओढणी काढून त्यांच्या कमरेला दोनदा गुंडाळली आणि पुढे घट्ट गाठ मारली. बायांकडे वळून तमिळमध्ये म्हणाली, “काय बघता? भात भरा.”

“किती दिवस जाहले, अप्पा?”

“आठ महिने.”

“मूलम?”

त्यांनी मान हलवली. ती शब्द एवढा सहज बोलली की ते तिच्याकडे बघतच राहिले.

“म्हणून तेथे बसलां नाही?”

“हो.”

“म्हणून मामा?”

“तुला मांडीवर घेतलं आणि अस्क्यांसमोर, सगळ्या मंडपासमोर, हें असं जाहलं तर? तुझ्या नव्या साडीवर?” ते म्हणाले, आणि त्यांचेच डोळे भरले. “कार्तिक चांगला मुलगा आहे गं. मला पहिल्या दिवसापासून आवडतो.”

हरिता रस्त्याच्या मधोमध, भातात फतकल मारून बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, नाक पुसलं, पुन्हा हसली. “अय्यो अप्पा! एवढंच होतं?”

“एवढंच म्हणजे?”

“उठा. कपडे बदला. नऊची बस धरू.”

बस निम्मी रिकामी होती. बाळकृष्णराव उभे. कंडक्टर तीनदा म्हणाला, “बसा, अण्णे.” चौथ्यांदा तो चिडला. “जागा असून वाटेत उभे राहता, बाकीच्यांनी चढायचं कसं?” हरिता मागे वळून म्हणाली, “त्यांच्या घराण्याची रीत आहे.” बाळकृष्णरावांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

तंजावूरच्या एका दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीत एक बाई बसलेली बघून ते दारातूनच मागे फिरले. हरिताने त्यांचा सदरा धरला. डॉक्टर वासुकी चाळिशीच्या, बुटक्या, चष्म्याच्या. त्यांनी कागदावरून मान वर न करता तमिळमध्ये विचारलं, “शेतकरी? पाणी किती पिता?”

“तांब्याभर.”

“दिवसात?”

“हो.”

आता मात्र त्यांनी मान वर केली. “गुरांना याच्यापेक्षा जास्त पाजत असाल.”

मग तपासणी झाली. ती सविस्तर सांगण्यात अर्थ नाही. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे डोळे. भुवना नावाची नर्स त्यांच्या खांद्यावर हात ठेवून पावसापाण्याचं विचारत होती आणि ते तिला भाताच्या ओलीबद्दल सांगत होते. या वयात रक्त जातं तेव्हा नुसतं मूलम म्हणून सोडायचं नसतं, असं सांगून डॉक्टरांनी एनिमाने पोट साफ करवून कॅमेऱ्याने आत वरपर्यंतही पाहिलं. बाकी सगळं स्वच्छ होतं. अंगात रक्त मात्र कमी झालं होतं. त्याच्या गोळ्या लिहून दिल्या.

“आतल्या दोन गाठी आहेत. आजच बांधून टाकू.”

“बांधून?”

डॉक्टरांनी ट्रेमधून एक काळी रबराची रिंग चिमटीत धरून दाखवली. मिरीच्या दाण्याएवढी. “ही गाठीच्या मुळाशी बसवायची. रक्त पोचत नाही, गाठ सुकते आणि दहा दिवसांच्या आत गळून पडते. कापायचं नाही, शिवायचं नाही. त्या जागी दुखण्याची जाणीवच नसते, म्हणून भूलही नाही.”

बाळकृष्णराव रिंगकडे बघत राहिले. कढीपत्त्याच्या जुडीला याहून मोठं रबर असतं.

“आणि चाळीस दिवस पालथं?”

“कशाला? दुपारच्या बसने घरी जा.”

“पण डॉक्टर,” हरिता मधे पडली, “चौदा दिवसांनी माझं कल्याणम. अप्पांनी मूटैवर बसायचं आणि मला मांडीवर घ्यायचं.”

“तुझं वजन किती?”

“अठ्ठावन्न,” हरिता पुटपुटली.

“एकसष्ट,” बाळकृष्णराव म्हणाले. “भाताच्या काट्यावर चढली होती परवा.”

डॉक्टर खुर्चीत मागे रेलून मोठ्याने हसल्या. “बसू दे. बसल्याने काही होत नाही. कुंथल्याने होतं आणि ओझं उचलल्याने होतं. पोत्यावर बसा, पण पोतं उचलायचं नाही. भाज्या, फळं, इसबगोल आणि रोज तीन लिटर पाणी. गाठ गळते तेव्हा थोडं रक्त दिसेल. जास्त गेलं, ताप आला किंवा लघवी अडली तर लगेच या.”

ते पुन्हा कुशीवर झाले. गुडघे छातीशी घेतले, डोळे मिटले, चुलत्यांची ओरड आठवली आणि श्वास रोखला. आत टक असा आवाज झाला. थोडं दाटल्यासारखं, परसाकडला लागल्यासारखं वाटलं. मग आणखी एक टक.

ते वाट बघत राहिले. मिनिट गेलं.

“करा सुरू,” ते दात आवळून म्हणाले. “मी तयार आहे.”

“संपलं,” भुवना म्हणाली. “उठा.”

बाळकृष्णराव उठले. वेष्टी सावरली. खोलीभर बघितलं. मग एकदम नर्सचे हात धरून म्हणाले, “संपलं? अगं, आठ महिने! आठ महिने मी उभा आहे!” बाहेर आले तेव्हा रांगेतल्या माणसांना त्यांनी न विचारताच सांगितलं, “दहा मिनिटं! घाबरू नका हो, दहा मिनिटं!” एक म्हातारा तर नुसता दाताच्या दवाखान्याचा पत्ता विचारायला आला होता, त्यालाही सांगितलं.

पुढचे दिवस घरात धांदल उडाली. अर्धा एकर भात राहिलं होतं, आचाऱ्याला सांगायचं होतं, आणि बाळकृष्णरावांना पोतं उचलायची बंदी. हरिताने बँकेतून रजा वाढवली आणि ट्रॅक्टरवर चढली. लग्नाची मुलगी डोक्याला टॉवेल गुंडाळून खरेदी केंद्राच्या रांगेत! गाव बघायला जमायचं. बाळकृष्णराव बाजूने चालत, हातात पाण्याची बाटली, “क्लच हळू सोड गं! हळू!” म्हणून ओरडत. ओल मोजणाऱ्याने गाडी परत पाठवायचं म्हटलं तेव्हा हरिताने स्वतः पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचे दाणे काढून दिले. मशीनने सतरा टक्के ओल दाखवली, सरकारी मर्यादेत. भात घेतलं गेलं.

आठव्या दिवशी सकाळी न्हाणीघरामागून हाक आली. “कमला! गेली! एक गेली!”

“अस्क्या गावाला सांगा,” कमलाक्षी म्हणाली, पण हातातलं पीठ तसंच घेऊन दाराशी धावली.

दुसरी गाठ अकराव्या दिवशी गळली आणि रक्त अपेक्षेपेक्षा जास्त गेलं. बाळकृष्णरावांचा चेहरा उतरला. लग्नाला तीन दिवस. हरिताने डॉक्टरांना फोन केला. त्यांनी किती रक्त, कोणता रंग, चक्कर येते का, सगळं विचारून दुपारपर्यंत पडून राहायला सांगितलं. थांबलं नाही तर सरळ या, म्हणाल्या. दुपारी थांबलं. पण मनातली भीती थांबली नाही. रिंगा बसवल्या दिवसापासून ते मऊ चटईवर बसत होते, जेवायला बसत होते, पण टणक पोत्यावर, एकसष्ट किलो मांडीवर घेऊन, ते अजून कुणी करून पाहिलं नव्हतं. कमलाक्षीने पोत्यावर उशी ठेवू का विचारलं.

“उशी नक्को,” ते म्हणाले. “भातावर बसायचं म्हणजे भातावर.”

लग्न तिरुवैयारुच्या मंडपात. सकाळी पापनाशमहून पाहुण्यांची बस आली आणि बाळकृष्णरावांचं धाबं दणाणलं. पस्तीस माणसं मंडपात आली आणि एकही बसेना. खुर्च्या रिकाम्या आणि सगळे भिंतीकडेने उभे. तुकोजीराव गुडघ्याला पट्टा बांधून पुढे, चेहऱ्यावर केवढा अभिमान!

“मुलीचा बाप बसेतोवर कोणी बसायचं नाही, म्हणून सांगून ठेवलं आहे,” ते म्हणाले. “राजांच्या वेळची रीत आहे, चेष्टा आहे की काय!”

बाळकृष्णरावांना राहवेना. त्यांनी व्याह्यांना खांबाआड नेलं आणि सगळं सांगितलं. मूलम, सोफा, रबराची रिंग, सगळं. सांगून झाल्यावर मान खाली घातली.

 तुकोजीरावांनी आपला गुडघा चोळला.

“म्हणजे रीत नाहीच?”

“नाही. माफ करा. मी खोटं बोललों.”

तुकोजीरावांनी मागे वळून आपल्या पस्तीस माणसांकडे पाहिलं. “आतां कोणाला सांगू नका,” ते हळूच म्हणाले. “माझा धाकटा भाऊ चेन्नैहून आला आहे. पुढच्या वर्षी आपल्या मुलीच्या कल्याणाला हेंच करणार म्हणतो. चांगली आहे हो रीत. असू दे.” आणि मग त्यांनी बाळकृष्णरावांच्या पाठीवर अशी थाप मारली की ते खोकले. “चला, बसा आतां लवकर. माझा पाय मोडतो आहे.”

मुहूर्त आला. नादस्वरवाले सरसावून बसले. पोतं मांडवात आणून ठेवलं होतं, शेवटी हरितानेच शिवलेलं. बाळकृष्णरावांनी वेष्टी सावरली, पोत्याकडे एकदा पाहिलं आणि बसले. मंडपभर खुर्च्यांचा एकच खडखडाट झाला. पस्तीस माणसं एकदम बसली.

पोतं टणक होतं. दाणे खालून हलले, सरकले आणि त्यांच्या अंगाखाली जागा करून स्थिर झाले. दुखलं नाही. त्यांनी श्वास सोडला.

हरिता आली आणि मांडीवर बसली. पण बाळकृष्णरावांना तिचं वजनच लागेना. त्यांनी खाली पाहिलं. पोरीने पायांचे चवडे जमिनीला रोवले होते, पोटऱ्या थरथरत होत्या, आणि सगळा भार ती आपल्याच पायांवर तोलून धरत होती. कपाळावर घाम आला होता. कार्तिक समोर ताळी घेऊन उभा होता.

“अप्पा, दुखतं का?” तिने ओठ न हलवता विचारलं.

“तू बसलीसच कोठे अजून?” बाळकृष्णराव म्हणाले. “पाय उचल.”

“नक्को, अप्पा.”

“उचल गं. अस्कं वजन टाक.”

हरिताने पाय उचलले. एकसष्ट किलो त्यांच्या मांडीवर आले, तंतोतंत, पाच वर्षांच्या मुलीने खळ्यावर बिनधास्त अंग टाकावं तसे. वाद्यं एकदम कडाडली, अक्षता पडल्या, कार्तिकने वाकून पहिली गाठ मारली. बाळकृष्णरावांनी दोन्ही हातांनी मुलीला घट्ट धरलं आणि तिसरी गाठ पडून गेल्यावरही, भटजी दोनदा म्हणाले तरी, ते उठले नाहीत.